गच्चीची किल्ली



मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या बायका डोंबिवलीत एकीच्या घरी जमलो होतो. चहा झाला, आणि बोलणं नेहमीप्रमाणे गुडघ्यांवर आलं. मग कंबर, मग टाचा, मग रक्ताचे रिपोर्ट. बहुतेकींच्या रिपोर्टवर एकच ओळ होती : व्हिटॅमिन डी कमी. एक जण म्हणाली, "अगं, एप्रिलमध्ये आपण भाजून निघतो, आणि डॉक्टर म्हणतात ऊन कमी पडतंय. हे कसं काय?" तेवढ्यात जिच्या घरी बसलो होतो ती म्हणाली, "कुरडया घालायच्या होत्या, पण सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय. किल्ली मागितली तर म्हणे, बायकांचं गच्चीवर काय काम?"

सगळ्या हसलो. पण घरी जाताना ते वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. बायकांच्या वाट्याला ऊन किती यायचं, कुठे यायचं आणि ते कोण ठरवत होतं? आजच्या भाषणात आपण याचाच इतिहास पाहू. त्यासाठी लांब जायची गरज नाही. ठाणे, कल्याण आणि आपल्याच रेल्वेलाइनीवरचं नाशिक एवढं पुरे आहे.

सुरुवात कल्याणपासून करू. आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं माहेर कल्याणचं. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे आपल्याकडचं बाळंतपण. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचं निधन झालं. बाविसावा वाढदिवसही त्यांना पाहायला मिळाला नाही.

त्या काळच्या वाड्यातलं बाळंतपण कसं असे, ते आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. घराच्या मागच्या बाजूची अंधारी खोली, दार लावलेलं, खिडकी असलीच तर तिला पडदा, कोपऱ्यात शेगडी आणि धूर. वारा लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून ही काळजी. बाहेरचे पुरुष पडवीत आणि ओसरीवर बसत. बायका माजघरात आणि स्वयंपाकघरात, जिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे.

पण गोष्ट इथेच संपत नाही. त्याच वाड्याला मागे परसदार होतं, विहीर होती, तुळशीवृंदावन होतं. धुणं, पाणी, सारवण, वाळवण, निवडण-टिपण ही बायकांची कामं त्या अंगणात चालत. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून दूध उतू घालायचं आणि सूर्याला नैवेद्य दाखवायचा, ही पद्धत आजही अनेक घरांत आहे. तेल लावलेलं बाळ थोडं मोठं झालं की कोवळ्या उन्हात पायांवर घेऊन बसायचं, हेही आपल्याकडचंच. म्हणजे जुन्या घराने बाईला अंधारही दिला आणि कामाच्या निमित्ताने ऊनही दिलं. मात्र जितकं घर श्रीमंत आणि सून जितकी "घरंदाज", तितकं अंगणातलं काम गड्या-मोलकरणींकडे जाई आणि तिच्या वाट्याचं ऊन कमी होई. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे हिचं उत्तर येणार आहे.

आता मुंबईकडे वळू, कारण ठाणे, कल्याण, डोंबिवली यांचं नशीब मुंबईशी बांधलेलं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत पोहोचली. मुंबईत गिरण्या वाढल्या, माणसं वाढली, आणि एकाला एक चिकटून चाळी उभ्या राहिल्या. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग शहरात हाहाकार उडाला. सरकारी पथकं घराघरांत शिरली. माणसांना बाहेर काढून घरं धुतली, चुना लावला, आणि ऊन आत यावं म्हणून कौलं काढली, काही ठिकाणी भिंतीही फोडल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं. त्यामुळे कौलं काढून प्लेग आटोक्यात आला असं म्हणता येत नाही. पण अंधारी, दमट घरं माणसाला आजारी करतात ही गोष्ट मात्र सरकारच्या डोळ्यांवर आली.

१८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर हे घरांतल्या हवा-उजेडाच्या मागे हात धुऊन लागले होते. १९१२ मध्ये त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह एका कोनाचा होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. ऐकायला गणिताचा तास वाटेल, पण अर्थ सोपा आहे. तळमजल्यावरच्या खोलीच्या भिंतीपाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या टोकाकडे पाहायचं. नजर त्या कोनापेक्षा जास्त वर करावी लागू नये. म्हणजे समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी मोकळं अंतर मधे हवं. चाळीस फूट उंच भिंत असेल तर वीस फूट मोकळी जागा. एवढं ठेवलं तर तळमजल्यावरच्या बाईच्या चुलीपर्यंत आभाळाचा उजेड पोहोचतो.

शंभर वर्षांपूर्वीचा हा हिशेब हातात घेऊन आज आपल्या भागात फिरून पाहा. ठाण्याच्या जुन्या वस्तीत, डोंबिवलीत स्टेशनजवळ, कल्याणमध्ये, मुंब्र्यात आणि दिव्यात दोन इमारतींच्या मधल्या गल्ल्या बघा. काही ठिकाणी समोरच्या खिडकीतून मिठाची वाटी हातोहात देता येते. पहिल्या मजल्यावर दिवसभर ट्यूबलाइट जळते. आपली माणसं मुंबईच्या कोंदट खोल्या सोडून हवा-उजेडासाठी इकडे राहायला आली, आणि दोन पिढ्यांत तीच कोंदट खोली आपल्या मागोमाग इथे आली.

आता मघाशी अर्धवट सोडलेली गोष्ट. कसारा घाट चढून गेलं की नाशिक. १९२२ मध्ये डॉ. हचिसन आणि डॉ. शाह यांनी नाशिकमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय होता मुडदूस. मुलांची हाडं मऊ राहणं, पाय धनुष्यासारखे वाकणं, त्याला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. मोठ्या बाईला हाच आजार झाला की हाडं ठिसूळ नाही, तर मऊ होतात. कंबर, मांड्या दुखतात, चाल बदकासारखी होते.

तेव्हा समज असा होता की हा गरिबीचा, निकस अन्नाचा आजार आहे. नाशिकमध्ये उलटंच दिसलं. खात्यापित्या घरातल्या, पडद्यात राहणाऱ्या मुलींना आणि तरुण आयांना हा आजार होता. त्यांत मुसलमान होत्या, हिंदूही होत्या. त्यांच्या ताटात दूध-तूप होतं. आणि ज्यांच्या ताटात फार काही नव्हतं, त्या मजुरांच्या उघड्यावर खेळणाऱ्या मुलांमध्ये मात्र तो क्वचितच दिसला. फरक अन्नाचा नव्हता, अंगणाचा होता. पुढे १९२४ मध्ये डॉ. हचिसन यांनी डॉ. स्टेपलटन यांच्यासोबत मोठ्या मुलींच्या आणि बायकांच्या या आजारावर आणखी लिहिलं.

याच काळात जगातही हे कोडं सुटत होतं. १८२२ मध्येच विल्नियसमधल्या श्न्यादेत्स्की नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की शहरातल्या मुलांना मुडदूस होतो, खेड्यातल्यांना होत नाही, आणि औषध ऊन आहे. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी खास दिव्याच्या अतिनील किरणांनी मुलं बरी केली. १९२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेस यांनी नुसत्या उन्हाने बरी केली. या जीवनसत्त्वावरच्या कामासाठी १९२८ मध्ये जर्मनीच्या विंडाउस यांना नोबेल मिळालं.

शरीरात काय होतं ते असं. उन्हातले काही अतिनील किरण कातडीवर पडले की तिथल्या एका स्निग्ध पदार्थापासून डी जीवनसत्त्व तयार होतं. ते यकृतातून आणि मूत्रपिंडातून जाऊन कामाला लागतं. त्याचं काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम रक्तात ओढून घेणं. ते नसेल तर दूध, नाचणी, तीळ खाऊनही कॅल्शियम वाया जातं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम उचलतं. घरातली शिल्लक मोडून खावी तसं.

बाईसाठी याचा परिणाम भयंकर असे. हाडं मऊ झाली की कमरेचं हाडकट आत दबतं आणि बाळाची वाट अरुंद होते. सिझेरियन सुरक्षित होण्याआधीच्या काळात अशी बाई दोन-दोन दिवस कळा देई, आणि कित्येकदा बाळ जाई, आई जाई, किंवा दोघंही. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२६ मध्ये हेच लिहिलं : होड्यांवर राहणाऱ्या, दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या बायका या आजारापासून वाचलेल्या होत्या, आणि घरात कोंडलेल्या बायका बाळंतपणात मरत होत्या. आनंदीबाईंच्या हातात आयुष्य असतं, तर आपल्याकडच्या कित्येक अडलेल्या बाळंतिणींच्या खाटेशी त्या उभ्या राहिल्या असत्या.

हे सगळं वाचताना आम्हाला वाटलं, पडदा तर गेला. बाळंतिणीची अंधारी खोली गेली. मग आमच्या रिपोर्टवर तीच ओळ का?

कारण पडदा निराळ्या रूपात परत आला. १९९२ पासून कल्याणहून मुंबईला लेडीज स्पेशल धावते. बाई नोकरीला बाहेर पडली, ही मोठी गोष्ट झाली. पण तिचा दिवस पाहा. पहाटे पाचला उठून डबे, सहा-सातची लोकल, दिवसभर ट्यूबलाइटखाली काम, परत येईपर्यंत दिवेलागण. आठवड्यातून सहा दिवस तिच्या अंगावर दुपारचं ऊन पडतच नाही. खिडकीपाशी टेबल असलं तरी उपयोग नाही, कारण डी तयार करणारे किरण काचेत अडतात. काचेतून ऊब येते, जीवनसत्त्व येत नाही. त्यात हवेतली धूळ आणि धूर. २००२ मध्ये दिल्लीतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की जास्त प्रदूषित भागातल्या लहान मुलांत हे जीवनसत्त्व कमी होतं.

आणि एक पडदा आपणच विणलेला आहे. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील, मग कोण करून घेईल?" हे आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर लेकीला ऐकवलंयही. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने याच भीतीवर धंदा केला. २०२० मध्ये त्या क्रीमचं नाव बदललं, पण भीती काही तेवढ्याने गेली नाही. सावळा रंग हा दोष नाही, ते कातडीचं संरक्षण आहे. त्या रंगामुळे आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने कातडीचा कॅन्सर पुष्कळ कमी आहे. फक्त त्याच रंगामुळे आपल्याला डी तयार करायला उन्हात थोडा जास्त वेळ लागतो.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर हे भाषण खोटं ठरेल. आपल्या भागात अशाही बायका आहेत ज्यांच्या वाट्याला ऊन नको तेवढं येतं. स्टेशनबाहेर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या, नव्या टॉवरवर विटा उचलणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या, शहापूर-मुरबाडकडे भाताच्या खाचरात वाकणाऱ्या. त्यांना "उन्हात बसा" असं सांगणं ही थट्टाच आहे.

१६ एप्रिल २०२३ हा दिवस आठवतो? पहिल्या आगगाडीला त्या दिवशी १७० वर्षं झाली. त्याच दिवशी आपल्या शेजारी, नवी मुंबईत खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं उघड्या मैदानात उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, त्यांत बायका जास्त. त्या दिवशी नागपूर-चंद्रपूरसारखं ४५ अंश तापमान नव्हतं, ३८ अंशांच्या आसपासच होतं. पण आपण खाडीकाठची माणसं. हवेत दमटपणा एवढा की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. शिवाय बायका अशा ठिकाणी पाणी कमी पितात, कारण स्वच्छतागृह कुठे असेल याची खात्री नसते. सोय नाही म्हणून तहान मारायची, ही सवय जिवावर बेतू शकते. २०२४ मध्ये ठाणे महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आहे. त्यातली सावली आणि पाणी आपल्या नाक्यापर्यंत आलं का, हे विचारणं आपलं काम आहे.

तर मैत्रिणींनो, इतिहासातून उपयोगाचं काय घ्यायचं?

पहिली गोष्ट वेळेची. पहाटेचं कोवळं ऊन मनाला छान वाटतं, पण त्यात डी तयार करणारे किरण फार थोडे असतात. ओळखायची साधी खूण म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. एप्रिलमध्ये साडेनऊच्या सुमारास सावली उंचीएवढी होते. तेव्हा साडेनऊ ते साडेदहा ही वेळ बरी, उकाडा चढण्याआधीची. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सावली जवळजवळ उंचीएवढीच असते, म्हणून थंडीत जेवणाच्या सुट्टीत बाराच्या आसपास बाहेर पडा. हात-पाय उघडे ठेवून पंधरा ते तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. कातडी लाल होईपर्यंत किंवा चटके बसेपर्यंत थांबायचं नाही. जास्त वेळ बसल्याने जीवनसत्त्व जास्त मिळत नाही, शरीर ठरावीक मर्यादेपुढे ते बनवतच नाही.

दुसरी गोष्ट, चेहरा झाकला तरी चालतं. उन्हाने वांग वाढतात आणि डोळ्यांना मोतीबिंदूचा धोका वाढतो. टोपी किंवा पदर डोक्यावर घ्या, हात-पाय मोकळे ठेवा. बुरखा किंवा पूर्ण कपडे घालणाऱ्या बहिणींना हवी आहे आडोसा असलेली गच्ची. काही औषधांनी ऊन बाधतं, त्यामुळे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

तिसरी, साठ हजार युनिटची ती पुडी. दर आठवड्याला किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीने सांगितलं म्हणून महिनोन्‌महिने घेऊ नका. जादा डी शरीरात साठतं, रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

चौथी, बाहेर राबणाऱ्या बाईसाठी. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पहिली हाक. लगेच सावलीत जा, पाणी, ताक, ओआरएस घ्या. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि शेवटची गोष्ट एकटीने करायची नाही, सगळ्यांनी मिळून करायची. वाड्याचं अंगण गेलं, तेव्हा त्याची जागा इमारतीच्या गच्चीने घेतली. तिथे वाळवणं होती, गप्पा होत्या, आणि नकळत हाडांना लागणारं ऊन होतं. मग गच्चीला कुलूप लागलं. नाशिकच्या त्या मुलींच्या आणि सूर्याच्या मधे एक दार होतं, आपल्या मधेही एक दारच आहे.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेला दोन मागण्या घेऊन जाऊ या. गच्चीची किल्ली सकाळी काही तास बायकांसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि मुलांसाठी उघडी हवी. आणि इमारतीच्या फाटकाशी बसणाऱ्या भाजीवालीसाठी एक ताडपत्री, एक माठ आणि खालचं स्वच्छतागृह वापरायची परवानगी हवी. एकीला ऊन, दुसरीला सावली. दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहा.

"बायकांचं गच्चीवर काय काम?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर आता आपल्याकडे आहे. आमची हाडं वाळत घालायची आहेत म्हणावं, कुरडयांच्या शेजारी.

तुमच्या सोसायटीत काय घडलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू या. नमस्कार.